मामांची कोरल वास्कोहून फोंड्याला आणताना

पत्र:

नमस्कार. मी फोंड्याला राहते, शाळेत शिकवते. माझ्याकडे २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात दोन क्लाउनफिश, एक गोबी मासा आणि थोडे मशरूम कोरल आहेत. माझे मामा वास्कोला असतात, त्यांची टाकी खूप जुनी. गुडघ्यांमुळे आता त्यांना पाण्याचे कॅन उचलवत नाहीत. चवथ (गणेश चतुर्थी) झाली की ते मुलाकडे पुण्याला कायमचे चाललेत आणि सगळी कोरल (प्रवाळं) मला देणार आहेत. झोआंचे चार-पाच तुकडे, मशरूम, एक मोठं लेदर, झेनिया ही मऊ कोरल आणि मेंदूसारखं दिसणारं एक कडक कोरल, एवढं आहे. मामा म्हणतात, बादलीत घालून ने, गरम पाण्याखाली ब्रशने घास म्हणजे किडे मरतील, मग सरळ टाकीत ठेव. त्यांनी नेहमी तसंच केलं. ते बोगमाळ्याहून समुद्राचं पाणी आणतात, मी आरओच्या पाण्यात मीठ कालवते. चवथीला आमच्याकडे सगळं घर जमतं, तेव्हा टाकी भरलेली दिसावी असं फार वाटतं. वेगळ्या टाकीत ठेवायचं म्हटलं तर मामांना वाईट वाटेल. काय करू?

— एक भाची, फोंडा

उत्तर:

ताई, कोरलचं पुढे बोलू. आधी तो ब्रश आणि ते गरम पाणी बाजूला ठेवा. तुमच्या पत्रातली ही एकच गोष्ट अशी आहे की जिच्यामुळे कोरल नव्हे, तुम्ही स्वतः दवाखान्यात पोचाल.

झोआ आणि त्यांच्याच कुळातले पॅलिथोआ यांच्यापैकी काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. १९७१ साली हवाईतल्या शास्त्रज्ञांनी ते पॅलिथोआतून वेगळं काढलं. समुद्रात सापडणाऱ्या सर्वांत जहाल विषांत त्याची गणना होते. आपल्या पेशींच्या आवरणात सोडियम-पोटॅशियमची ने-आण करणारा पंप असतो, हे विष नेमकं त्यावर बसतं आणि पंपाची उघडी वाट करून टाकतं. स्नायू, हृदय, श्वास, सगळ्यांवर परिणाम होऊ शकतो. उकळल्याने ते नष्ट होत नाही. उलट गरम पाण्याची वाफ आणि ब्रशचे तुषार यांतून ते हवेत येतं आणि श्वासावाटे आत जातं. मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर परगण्यात एका घरी टाकीतलं कोरल साफ करताना असंच झालं. घरातली माणसं रुग्णालयात गेली, मदतीला धावलेल्या कर्मचाऱ्यांनाही न्यावं लागलं.

मामांना आजवर काही झालं नाही ते त्यांच्या झोआंमध्ये विष कमी असेल म्हणून, किंवा नशीब म्हणून. कुठल्या झोआत किती विष आहे हे रंगावरून, आकारावरून कळत नाही. म्हणून सगळ्यांनाच विषारी समजून हात लावायचा. नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांवर गॉगल, खिडक्या उघड्या आणि मुलं दुसऱ्या खोलीत. बोटाला चीर असेल तर त्या दिवशी काम दुसऱ्याला सांगा. कापायचं नाही, खरवडायचं नाही, घासायचं नाही. आणि पाणी काढताना नळी तोंडाने ओढायची सवय तुम्हाला किंवा मामांना असेल, तर ती आजपासून बंद.

काम झाल्यावर वापरलेली भांडी, टेबल, मोजे ब्लीचच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. सोडियम हायपोक्लोराइट ०.१ टक्का किंवा त्याहून तीव्र असलं की हे विष निकामी होतं. बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं असेल तर एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात घाला, तेवढं भरपूर झालं. त्यात व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, आणि ब्लीचची बादली टाकीपासून लांब ठेवा. ही भांडी परत स्वयंपाकघरात नेऊ नका. नंतर तोंडाला धातूसारखी चव आली, ओठ-बोटं मुंग्या आल्यासारखी झाली, खोकला, दम, ताप किंवा डोळा दुखू लागला, तर सकाळपर्यंत थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जा आणि डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द स्पष्ट सांगा. यावर उतारा असं औषध नाही, लक्षणांवर उपचार करतात. म्हणून कारण लवकर कळणं महत्त्वाचं.

आता ते मेंदूसारखं कोरल. ते तुम्ही आणू नका. खडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखेही त्याच यादीत आहेत. दुकानातून पैसे देऊन आणलं होतं, परदेशातलं आहे, असं मामा म्हणतील. पण कठीण प्रवाळांवर साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबद्दलच्या कराराचंही नियंत्रण आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी जिवंत प्राण्यांची नोंदणी, मालकी बदलली तर त्याची नोंद, हे सगळं कायद्यात आलं आहे. कागद नसताना ते मोटारीत घालून बोरीच्या पुलावरून आणणं म्हणजे मामांची अडचण स्वतःच्या घरी आणणं. मामांनी ते आहे तिथेच ठेवावं, विकू नये, कुणाला देऊ नये, आणि वन खात्याच्या वन्यजीव विभागाकडे जाऊन काय करायचं ते विचारावं. टाकीतला मोठा खडक मूळ समुद्रातल्या प्रवाळाचा असेल तर त्याबद्दलही तिथेच विचारावं. स्वतःहून जाऊन विचारणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची गोष्ट वेगळी असते.

त्याची जागा रिकामी दिसते म्हणून कुणी वास्कोसमोरच्या ग्रँड आयलंड बेटाजवळून तुकडा आणून देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ आधीच थोडं आहे. गढूळ पाण्यात, पावसाळ्याच्या माऱ्यात ते कसंबसं तग धरून आहे.

झोआ, मशरूम, लेदर, झेनिया ही मऊ मंडळी त्या यादीत नाहीत. त्यांच्याबद्दल निश्चिंत मनाने बोलू.

तुम्हाला काळजी प्रवासाची वाटते आहे, हे पत्रातून दिसतं. वास्को ते फोंडा हा तास-सव्वा तासाचा रस्ता कोरल सहज सोसतात. त्यांचं नुकसान होतं ते दोन पाण्यांतल्या फरकाने, आणि तुमच्या टाकीचं नुकसान होतं ते त्यांच्या बुडाला चिकटून आलेल्या जिवांनी. दोन्ही धोके घरी पोचल्यावरचे आहेत, आणि दोन्हींवर उपाय एकच: वेगळी टाकी आणि धीर.

पाण्याचं बघा. मामा बोगमाळ्याचं पाणी आणतात. पावसाळ्यात झुआरी आणि मांडवी भरून वाहतात आणि त्यांचं गोडं पाणी मुखाबाहेर किनाऱ्याने पसरतं. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या दोन्ही नद्यांच्या मुखांचा बरीच वर्षं अभ्यास केला आहे. एप्रिलमध्ये जिथे पाणी जवळपास समुद्राइतकं खारट असतं, तिथे जुलैत वरचं पाणी फार फिकं झालेलं असतं. मामा पावसाळ्यातही तेच पाणी भरत असतील तर त्यांच्या टाकीची घनता १.०२१ वगैरे असली तरी मला नवल वाटणार नाही. तुमची १.०२५ ते १.०२६ असेल, म्हणजे दर हजारी ३५ च्या आसपास क्षार. त्या पाण्यातून या पाण्यात अर्ध्या तासात आणलेलं कोरल आक्रसतं, आणि कधी पुन्हा उघडतच नाही.

म्हणून कोरल आणायच्या आधी एकदा रिकाम्या हाताने वास्कोला जा आणि मामांच्या टाकीचं पाणी मोजा. खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर तुमचाच न्या, दोन्हीकडे एकच यंत्र हवं. आधी ते ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या, नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य करून भागत नाही. तापमान, अल्कलिनिटी म्हणजे केएच (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद), नायट्रेट आणि फॉस्फेट हेही लिहून आणा. जुन्या टाकीत नायट्रेट चढलेलं असतं, आणि मऊ कोरलना त्याची सवय होते. तुमचं पाणी फार स्वच्छ, नायट्रेट शून्य असेल तर तोही त्यांना धक्काच.

मग घरी ३०-४० लिटरची साधी काचेची टाकी लावा. मासा एकही नको. पाणी फिरवणारा लहान पंप म्हणजे पॉवरहेड, साधा एलईडी, आणि निदान तीन-चार आठवडे तुमच्या मोठ्या टाकीत राहून जिवाणूंनी भरलेला स्पंज फिल्टर एवढं पुरे. त्या आधी मुरवलेल्या स्पंजशिवाय कोरल आणू नका, नाहीतर अमोनिया चढेल. मीठ कालवून या टाकीचं पाणी मामांच्या आकड्यावर आणून ठेवा. तुमच्या आकड्यावर नव्हे. कोरल आली की त्यांना घरच्यासारखंच पाणी मिळेल.

पुढचं काम बाष्पीभवन करील. एरवी उडालेल्या पाण्याच्या जागी तुम्ही गोडं पाणी भरता. इथे काचेवर रेघ मारून ठेवा आणि तेवढं पाणी उतरलं की ३५ चं खारं पाणी भरा. घनता आपोआप हळूहळू चढत जाईल. पावसाळी दमट हवेत पाणी कमी उडतं, तेव्हा थोडं जुनं पाणी काढून खारं घालावं लागेल. दिवसाला ०.००१ पेक्षा जास्त चढवू नका. तुमच्या आकड्याला पोचलं की पुन्हा गोड्या पाण्यावर या. औषधाच्या दुकानातून सलाईनचा सेट आणून थेंब-थेंब पाणी सोडण्याची पद्धत तुम्ही वाचली असेल. या रीतीने गेलात तर तिची गरज जवळपास उरत नाही. तासभर उघड्या भांड्यात कोरल ठेवून थेंब मोजत बसलं की तेवढ्यात भांड्यातल्या पाण्याचं तापमान बदलतं, हा त्या पद्धतीचा तोटा फार कुणी सांगत नाही.

कोरल काढताना मामांनाच हात धरून दाखवायला सांगा. झोआ आणि मशरूम ज्या सिरॅमिकच्या प्लगवर (कोरल चिकटवायच्या छोट्या खुंटीवर) किंवा कृत्रिम दगडावर आहेत, त्यांच्यासकट उचलायचे, सोलून काढायचे नाहीत. आधी पाण्यातच हलकेच हलवून मिटू द्या, मिटलेलं कोरल कमी फाटतं. क्षणभर हवा लागली तर बिघडत नाही. बादलीत सगळी एकत्र मात्र नको. लेदर आपल्या बचावासाठी पाण्यात रसायनं सोडतं, आणि त्या कोंडलेल्या पाण्यात बाकीच्यांचे हाल होतात. प्रत्येकाला वेगळी जाड पिशवी, तीही दुहेरी, कोरल बुडेल एवढं मामांच्याच टाकीचं पाणी आणि वर थोडी हवा. पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात उभ्या ठेवा. मासळीबाजारातलं खोकं फुकट मिळतं म्हणून घेऊ नका. औषधाच्या दुकानात इंजेक्शनांचं येतं ते स्वच्छ असतं. बर्फ घालू नका, गाडीचा एसी मध्यम ठेवा. मामांच्या टाकीचं आणखी २० लिटर पाणी कॅनमध्ये भरून आणा, धुण्यासाठी लागेल.

घरी आलं की पिशव्या पंधरा-वीस मिनिटं वेगळ्या टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवा. मग डिप, म्हणजे किडे पाडणाऱ्या औषधी पाण्यात थोडा वेळ बुडवणं. कोरलसाठीचं आयोडीनचं किंवा दुसरं तयार डिप घ्या, मामांच्या पाण्यात बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला, आणि सांगितली असेल तेवढीच मिनिटं ठेवा. पांढरं टोपलं वापरा, म्हणजे काय काय खाली पडतं ते दिसतं. मोठ्या सिरिंजने पाण्याखालीच फवारा मारा, पाण्याच्या वर उडू देऊ नका, वर सांगितलेल्या विषामुळे. नंतर साध्या खाऱ्या पाण्यात दोनदा विसळा. झेनिया नाजूक असते. तिला डिप देताना वेळ निम्मी करा, आणि ती जगली नाही तर स्वतःला दोष देऊ नका. पिशवीतलं पाणी आणि डिपचं पाणी तुमच्या कुठल्याच टाकीत जाता कामा नये.

टोपल्यात बारीक तांबूस चपटे किडे दिसतील, झोआंच्या देठांशी जिन्यासारखी वळणं असलेली सनडायल गोगलगाय दिसेल. झोआ खाणारी न्यूडिब्रँक (कवच नसलेली समुद्री गोगलगाय) सर्वांत फसवी: जो झोआ खाते त्याचाच रंग घेते आणि त्याच्यासारखीच दिसते. तिच्यासाठी रात्री दिवा बंद झाल्यावर लाल टॉर्चने बघा. प्लगच्या खालच्या बाजूला पांढऱ्या वेटोळ्या अंड्यांच्या माळा असतात. डिपने किडा मरतो, अंडी मरत नाहीत. त्यासाठीच दर आठवड्याला पुन्हा डिप, असं निदान तीन-चार वेळा. एप्टेशिया नावाचं काचेसारखं पारदर्शक फूल दिसलं तर नखाने खुडू नका, राहिलेल्या इवल्याशा तुकड्यातून नवं उगवतं. प्लगचा तेवढा भाग, झोआंपासून लांब असेल तर, जेल सुपर ग्लूने पूर्ण झाकून टाका.

आणि माशांचा व्हाइट स्पॉट हा रोग. त्याचा परजीवी दगड, प्लग, शिंपला अशा कुठल्याही कडक पृष्ठभागावर कोशात बसून राहतो आणि डिपला दाद देत नाही. मासाच नसलेल्या टाकीत तो अखेर उपाशी मरतो, पण सगळे कोश फुटून संपायला वेळ लागतो. अनुभवी लोक ७६ दिवसांचा आकडा पाळतात. मीही तुम्हाला तोच पाळायला सांगेन. तुमच्या क्लाउनफिशच्या जिवाचा प्रश्न आहे. औषध म्हणून तांबं या टाकीत घालू नका, कोरल मरतील. मोठ्या टाकीची जाळी, नळ्या, चिमटे इकडे नकोत आणि इकडचे तिकडे नकोत.

प्रकाशाचं थोडक्यात. पहिले काही दिवस एलईडी अर्ध्या तीव्रतेवर, कोरल तळाशी, आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढ. मोठ्या टाकीत नेताना पुन्हा तेच. एकदम झगझगीत दिव्याखाली आली तर त्यांच्या पेशींतली शैवालं बाहेर टाकली जातात आणि कोरल पांढरं पडतं. लेदर आल्यावर चार-आठ दिवस मिटून, मेणचट कातडी धरून बसेल. घाबरू नका, ती कातडी टाकून ते पुन्हा उघडतं, पाण्याचा प्रवाह थोडा वाढवा म्हणजे लवकर सुटेल. कुजका वास आला तर मात्र लगेच बाहेर काढा.

आता चवथ. या पंधरवड्यात कोरल आणली तरी मोठ्या टाकीत ती चवथीला दिसणार नाहीत, दिवाळीला दिसतील. तुम्हाला हे ऐकायला आवडणार नाही, पण घाईने भरलेली टाकी महिन्याभरात रिकामी झालेली मी लोकांकडे फार पाहिली आहे. शिवाय चवथीआधी घरोघरी रंग लावतात. रंगाचा, थिनरचा, डासांच्या फवाऱ्याचा वास एअर पंपातून पाण्यात उतरतो. वेगळी टाकी रंग लागणाऱ्या खोलीत ठेवू नका, आणि पाहुण्यांच्या मुलांचे हात पोचतील अशा उंचीवरही नको. बॅटरीवरचा एअर पंप जवळ असू द्या. पावसात वीज गेली की ४० लिटर पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो.

झेनिया, मशरूम वाढून नकोसे झाले तर ओहोळात किंवा समुद्रात सोडू नका. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर टाकीतून सुटलं असावं असं एक झेनियासारखं मऊ कोरल तिथल्या प्रवाळावर पसरून बसलं आहे. ते आता कुणाच्या आटोक्यात येत नाही. जास्त झालेलं दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, वरची सगळी खबरदारी त्यालाही सांगून.

राहिले मामा. त्यांच्या कोरलमध्ये खोट आहे म्हणून वेगळी ठेवते, असं त्यांना कळलं तर वाईट वाटणारच. तसं सांगूही नका, कारण ते खरं कारणही नाही. तुमच्या पाण्यात ती एकदम टिकणार नाहीत, म्हणून त्यांना त्यांचंच पाणी देऊन हळूहळू आणते आहे, असं सांगा. ते पटेल, कारण ती त्यांनी वाढवलेली आहेत. प्रत्येक कोरल टाकीत कुठे होतं, किती प्रकाशात, प्रवाहात की आडोशाला, किती वर्षांचं, हे त्यांच्याकडून वहीत लिहून घ्या. पुण्याला जाण्याआधी एक रविवार त्यांना फोंड्याला बोलवा आणि वेगळी टाकी त्यांच्यासमोर खुर्ची टाकून दाखवा. कोणतं उघडलं नाही, कोणाचा रंग उतरला, हे तुमच्याआधी त्यांच्या नजरेला दिसेल. गरम पाण्याचं मात्र गोड बोलून सोडून देऊ नका. ती गोष्ट त्यांना स्पष्ट सांगा, कारण पुण्याला नातवंडांसमोर ते पुन्हा लहानशी टाकी लावतील, अशी माणसं राहत नाहीत.

दोन्ही टाक्यांचे आकडे हाती आले की मला पाठवा. मामांच्या पाण्याचं केएच ६ च्या खाली किंवा घनता १.०२० च्या खाली निघाली, तर माझं उत्तर येईपर्यंत कोरल हलवू नका. तेव्हा आधी त्यांच्याच टाकीत सुधारणा करावी लागेल.